क्यूआरटीसोबतच्या संयुक्त सरावात ठाण्याच्या पोलिसांनी नेमकं काय मागावं?

घाटातला_अंमलदार (धागाकर्ता)

नमस्कार. मी पोलीस अंमलदार आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात नेमणूक आहे, ठाण्याचं नाव लिहीत नाही. बहुतेक ड्युटी ११२ च्या गाडीवर असते.

पुढच्या महिन्यात अतिरेकी हल्ल्याचा संयुक्त सराव ठरलाय. क्यूआरटी (पोलिसांचं जलद प्रतिसाद पथक), बॉम्बशोधक पथक, दंगल नियंत्रण पथक, नगरपालिकेची अग्निशमन गाडी, १०८ ची रुग्णवाहिका, आणि या वेळी ठाण्याचे लोकही. हजेरीला साहेब म्हणाले, "तुम्हाला या सरावातनं काय पाहिजे ते लिहून द्या, मी वर पाठवतो." असं आम्हाला विचारलं जाणं ही मोठी गोष्ट आहे, म्हणून नीट विचार करून लिहायचंय.

आधी दुसऱ्या जिल्ह्यात होतो, तिथले सराव पाहिलेत. बसस्थानक किंवा कॉलेज घेतात. क्यूआरटीची पोरं गाडीतनं उतरतात, रांग धरून आत जातात, थोड्या वेळात सगळं आटोपतं. पोरांची तयारी चांगली असते, त्यात वाद नाही. पण ठाण्याचे आम्ही बाहेर दोरी धरून गर्दी मागं सारत असतो. खरं काही घडलं तर क्रम उलटा असणार. कुणीतरी ११२ लावणार, गाडीतल्या एमडीटीवर (कॉलची माहिती दाखवणारा पडदा) कॉल पडणार, आणि पहिली पोचणार ती आमची बोलेरो. गाडीत मी आणि चालक. साताऱ्याहून टीम लगेच निघाली तरी पावसाळ्यात, धुक्यातनं घाट चढून यायला किती वेळ जातो ते इकडं राहणाऱ्याला विचारा. कास, बामणोली, तापोळा या भागात शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची किती गर्दी असते तेही सगळ्यांना माहीत आहे. तंबू, रिसॉर्ट, शिवसागरातल्या लाँच. आणि निम्म्या रस्त्यावर मोबाईलला रेंज नाही.

तुकाराम ओंबळे जावळीतल्या केडंब्याचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी धरून ठेवली तेव्हा त्यांच्या हातात काठी होती. ते कमांडो नव्हते, डी. बी. मार्ग ठाण्याचे सहायक फौजदार होते. आमच्या भागातल्या प्रत्येक पोलिसाला ही गोष्ट पाठ आहे. पण ती ऐकून छाती भरून येणं वेगळं आणि त्या प्रसंगासाठी माणूस तयार करणं वेगळं.

तर टीम येईपर्यंत आम्ही काय करायचं आणि टीम आल्यावर त्यांच्या हातात काय द्यायचं, हे सरावात कसं बसवता येईल? ज्यांनी असं प्रशिक्षण दिलंय किंवा घेतलंय त्यांनी कृपया सांगा. बंदोबस्ताचे किंवा नेमणुकीचे तपशील मी इथं लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका.

---

उस्ताद_कराडकर

भाऊ, प्रश्न मनापासून आवडला. शेवटची ओळ लिहिलीस तेही बरं केलंस.

मी निवृत्त आहे. नोकरीचा बराच काळ कवायत आणि हत्यारं शिकवण्यात गेला, म्हणून अजून सगळे उस्तादच म्हणतात. नव्या भरतीची पोरंही शिकवली आणि पथकातली तयार पोरंही. त्यावरनं सांगतो.

आधी ओंबळेसाहेबांबद्दल, कारण तिथंच तुझं निम्मं उत्तर आहे. त्या रात्री चौपाटीवर ते एकटे नव्हते. नाकाबंदी लागलेली होती. कसाब आणि त्याचा साथीदार ज्या स्कोडा गाडीतनं पळत होते तिची खबर बिनतारीवर आलेली होती. रस्ता अडवलेला असल्यामुळं गाडी थांबली. सोबत ठाण्याचे अधिकारी आणि अंमलदार होते, त्यांच्याकडं हत्यार होतं. ओंबळेसाहेबांनी नळी सोडली नाही म्हणून बाकीच्यांना पुढं होता आलं आणि कसाब जिवंत हाती लागला. त्यांचं धैर्य त्यांचंच, ते शिकवता येत नाही. पण खबर, अडवलेला रस्ता आणि सोबतची माणसं, या तिन्ही गोष्टी शिकवता येतात, आणि त्या तिन्ही ठाण्याच्या कामातल्या आहेत. काठी घेऊन एकट्यानं आत घुस असं मी कुणाला कधी शिकवलं नाही, शिकवणारही नाही.

दिल्लीकडनं एनएसजी, म्हणजे केंद्राचे कमांडो, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोचली. तोवर ताजमध्ये कोण होतं? परिमंडळ १ चे तेव्हाचे उपायुक्त विश्वास नांगरे पाटील मोजक्या लोकांसह शिरले होते, हातात पिस्तुलं. सीएसटीला रेल्वे पोलिसांकडं जुन्या .३०३ रायफली होत्या. नंतर राज्यानं फोर्स वन हे स्वतःचं कमांडो पथक उभारलं, एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं, जिल्ह्याजिल्ह्यात क्यूआरटी झाल्या. हे सगळं गरजेचं होतं. तरी पहिला तास तेव्हाही ठाण्याचा होता आणि आजही ठाण्याचाच आहे.

आता सरावात काय मागायचं. माझं उत्तर एकच: ताबा देण्याचा सराव मागा. म्हणजे पहिला पोचलेला अंमलदार क्यूआरटीच्या प्रमुखाला परिस्थिती सांगतो तो अर्धा मिनिट. सगळा खेळ त्या अर्ध्या मिनिटात असतो आणि त्याचा सराव मी क्वचितच होताना पाहिलाय.

पोरं दमवून मी हे करून घ्यायचो. अंमलदाराला मैदानाला एक चक्कर पळवायचं, वर कानाशी शिट्ट्या, मागं कुणीतरी ओरडतंय, आणि त्याच क्षणी पथकाचा प्रमुख समोर उभा करायचा: "बोल." चांगला हुशार माणूस "साहेब, वर... वर हायेत" एवढ्यावर अडकतो. घसा कोरडा पडतो, हात थरथरतो. हे भित्रेपण नाही, शरीरच तसं वागतं. दहा वेळा केलं की जमायला लागतं: किती जण बघितले, शेवटचं कुठं बघितले, काय हत्यार, आवाज कधी थांबला, आतली माणसं कुठं अडकलीत, जखमी कुठं, आणि आपले साध्या कपड्यातले कोण आत गेलेत.

प्रत्येक गाडीत खडू ठेवा. बोलेरोच्या बॉनेटवर इमारतीचा चौकोन काढायचा. रस्त्याकडची बाजू एक नंबर, तिथनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं दोन, तीन, चार. दारं, जिने, गॅसच्या टाक्या, मागची वाट. सगळ्या पथकांनी बाजूंना हेच नंबर वापरायचे हे सरावाआधी ठरवून घ्या. नाहीतर एक म्हणतो "डावीकडचं दार", दुसरा समोरनं येतोय, त्याची डावी वेगळी. बिनतारीवर "तीन नंबरच्या बाजूला, वरचा मजला, दुसरी खिडकी" असं आलं की साताऱ्याच्या पोराला आणि जावळीच्या पोराला एकच खिडकी दिसते.

आणि साध्या कपड्यातल्या आपल्या माणसांचं काय, हे विचाराच. स्थानिक गुन्हे शाखेची पोरं जीन्समध्ये, हातात पिस्तूल घेऊन पोचतात. क्यूआरटीच्या पोराला ती ओळखीची नसतात. एप्रिल २०२० मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात एक माणूस पोलिसांसारखी रंगवलेली गाडी घेऊन दोन दिवस लोकांना मारत फिरला, २२ जण गेले. त्या गोंधळात तिथल्याच दोन पोलिसांनी एका अग्निशमन केंद्राबाहेर आपल्याच पोलिसावर आणि आपत्कालीन विभागाच्या एका कर्मचाऱ्यावर गोळ्या झाडल्या, मारेकरी समजून. नशिबानं कुणाला लागलं नाही. म्हणून दंडाला कोणत्या रंगाची पट्टी, हात कसे दिसले पाहिजेत, पथकानं दटावलं की हत्यार खाली ठेवून कसं थांबायचं, हे एकत्र उभं राहून करा. कागदावर वाचून ते अंगात येत नाही.

---

सांगली_मिरज_रोड

उस्तादांचं बरोबर आहे, पण मला वाटतं आजच्या काळात ड्रोन आणि बॉडी कॅमेरा मागावेत. ड्रोन वर गेला की अंमलदारानं खडूनं चित्र काढायची गरजच राहत नाही. बजेट मिळतंय तर घ्यावं. संयुक्त सरावात सगळ्यांच्या हातात एकच ॲप असावं.

---

उस्ताद_कराडकर

@सांगली_मिरज_रोड, ड्रोन जरूर घ्यावा, पुरात तर सांगलीकरांना त्याचा उपयोग माहीतच आहे. पण ड्रोन छताच्या आत बघत नाही, धुक्यात उडत नाही, आणि तो उडवणारा मुख्यालयात असतो. भाऊच्या भागात रेंजच नाही तर ॲप कुठं चालणार? खडू आजच मिळतो.

साधनांवर भर देण्याआधी टेक्सासमधल्या उवाल्डीचं वाचा. २४ मे २०२२, प्राथमिक शाळा. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. शेवटी वेगवेगळ्या दलांचे मिळून ३७६ पोलीस जमले होते, ढाली, रायफली सगळं होतं. हल्लेखोर आत शिरल्यापासून त्याला संपवेपर्यंत ७७ मिनिटं गेली. त्याच शाळांच्या पोलिसांनी दोन महिने आधी, मार्चमध्ये, नेमक्या अशाच प्रसंगाचं प्रशिक्षणही घेतलं होतं. नंतर विधिमंडळाच्या समितीनं चौकशी केली तेव्हा मोठी त्रुटी निघाली ती ही की घटनास्थळी सूत्रं कुणी हातात घेतलीच नाहीत. प्रत्येक दलाला वाटत होतं दुसरं कुणीतरी प्रमुख आहे. इमारतीत बिनतारीही नीट चालत नव्हती.

म्हणून भाऊ, तुझ्या अर्जात हेही लिही: मोठे साहेब पोचेपर्यंत घटनास्थळी प्रमुख कोण, हे सरावात मोठ्यानं सांगितलं गेलं पाहिजे. "मी अमुक, आता प्रमुख मी" असं बिनतारीवर. पुढचा आला की "आता प्रमुख अमुक". अंमलदार असला तरी त्या मिनिटापुरता तोच प्रमुख. हे म्हणायला आपल्या खात्यात संकोच वाटतो, कारण साहेबांसमोर शिपायानं "प्रमुख मी" म्हणायचं कसं. हा संकोच सरावातच मोडला पाहिजे, आणि तो साहेबांनी स्वतः मोडला तरच मोडतो.

---

डॉ_वाईकर

मी १०८ वर काम केलेली डॉक्टर आहे. २०१४ पासून राज्यात १०८ च्या गाडीवर डॉक्टर असतो, तरी संयुक्त सरावात आमचं काम बहुतेक वेळा शेवटी स्ट्रेचर उचलण्याचं असतं. त्याबद्दल लिहिते.

आम्हाला शिकवलेलं असतं की जागा सुरक्षित झाल्याशिवाय आत जायचं नाही. ते योग्यच आहे. पण "सुरक्षित झाली" असं कोण म्हणणार? सगळी इमारत तपासून होईपर्यंत थांबलो तर मांडीतून रक्त वाहणारा माणूस तोवर राहत नाही. मोठी रक्तवाहिनी फुटली की हातात काही मिनिटं असतात. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत पोलीस बाहेर वेढा घालून विशेष पथकाची वाट बघत राहिले आणि आत एक जखमी शिक्षक तासन् तास मदतीविना राहून दगावले. त्यानंतर तिकडची पद्धत बदलली. पहिले पोचलेले पोलीसच आत जायला लागले, आणि पुढं वैद्यकीय माणसं पोलिसांच्या संरक्षणात जखमींपर्यंत नेण्याचे सराव सुरू झाले.

आपल्याकडं हे असं बसवता येईल. जिथं गोळीबार चालू आहे तिथं फक्त पथक. जो भाग पथकानं पार केलाय पण शंभर टक्के तपासलेला नाही, तिथं चार पोलिसांच्या मधे मी आणि माझा सहायक. बाहेर मोकळ्या जागेत रुग्णवाहिका, तोंड रस्त्याकडं करून. मधल्या भागात मी फक्त रक्त थांबवणार आणि माणूस बाहेर काढणार, बाकी उपचार गाडीत. हा मधला भाग कुठून कुठपर्यंत हे पथकाच्या प्रमुखानं मला तोंडी सांगायचं. त्यानं "या" म्हणेपर्यंत मी येणार नाही, आणि त्यानं "मागं" म्हटलं की पेशंट असला तरी मागं. हे एकदा तरी एकत्र केल्याशिवाय आमचा एकमेकांवर विश्वास बसत नाही.

धागाकर्त्यांना विनंती: अंमलदारांसाठी रक्त थांबवण्याचं प्रशिक्षण मागून घ्या. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळायच्या पट्ट्या, दोन-तीन तरी प्रत्येक गाडीत हव्यात. जखमेच्या वर, सांध्यावर नाही, हाताला किंवा मांडीला घट्ट आवळायची, रक्त थांबेपर्यंत. दुखतं, माणूस ओरडतो, तरी सैल करायची नाही. बांधल्याची वेळ कपाळावर पेननं लिहायची, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात पोचल्यावर पुढच्या डॉक्टरला विचारावं लागत नाही. पोटाला, छातीला टूर्निकेट नाही. काखेत किंवा जांघेत जखम असेल तर स्वच्छ कापड आत कोंबून दोन्ही हातांनी अंगाचा भार देऊन दाबून धरायचं. तुमच्या घाटात हे अपघातांतही रोज कामाला येईल. अतिरेकी हल्ला देव करो आणि कधी न होवो, पण मोटारसायकलवाले दर आठवड्याला पडतात.

---

कड्यावरची_वाट

महाबळेश्वर-पाचगणीकडं दरीतून माणसं वर काढणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक. आम्हाला पोलीस बोलावतात आणि आम्ही जातो, खूप वर्षांचा घरोबा आहे. दोनच गोष्टी.

२८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस आंबेनळी घाटात कोसळली. जागा रायगड हद्दीत, पोलादपूरची. वरनं महाबळेश्वरकडची माणसं, खालनं पोलादपूरकडची. अशा वेळी दोन जिल्ह्यांचे पोलीस, दोन बाजूंचे स्वयंसेवक आणि एनडीआरएफ एकाच उतारावर असतात. तेव्हा वरनं कोण दगड पाडणार नाही आणि खालचा माणूस कधी बाजूला होणार हे सांगणारा एकच आवाज लागतो. घाटाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. तुमच्या सरावाला शेजारच्या जिल्ह्याचं एक तरी ठाणं बोलवा.

दुसरं, बिनतारी. घाटात कोणत्या वळणावर सेट लागतो आणि कुठं लागत नाही याची यादी आमच्याकडं आहे, तुमच्या चालकांनाही पाठ असेल. क्यूआरटीला ती नसते. सरावाच्या दिवशी त्यांच्या गाडीत ठाण्याचा एक चालक बसवा आणि ती वळणं लिहून घ्या. जिथं सेट मेला तिथं निरोप पळवायला माणूस उभा करायचा, हेही आधी ठरवा.

---

घाटातला_अंमलदार

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर मॅडम, कपाळावर वेळ लिहायचं कुणीच सांगितलं नव्हतं. कड्यावरची_वाट, आमच्या चालकाला ती वळणं खरंच पाठ आहेत, त्याला वाचून दाखवलं तर तो लगेच वहीत लिहायला बसला.

उस्ताद, एक शंका. सरावाची जागा साहेबांनी एक रिसॉर्ट सुचवलंय, मालक तयार आहे. पण गावकऱ्यांना सांगितलं तर सराव खरा वाटणार नाही असं आमच्यातले काही जण म्हणतात. आणि अतिरेकी कोण होणार यावरनंही चर्चा चाललीय.

---

उस्ताद_कराडकर

गावाला सांगायचंच. आदल्या दिवशी पोलीस पाटील, सरपंच, शाळा, जवळचा दवाखाना आणि ११२ चा कंट्रोल, सगळ्यांना. कुणा म्हाताऱ्या माणसाला धसका बसला, किंवा कुणी खरंच समजून व्हॉट्सॲपला व्हिडिओ फिरवला, तर ते निस्तरायला महिना जातो. पोलिसांची परीक्षा घ्यायची असेल तर वेळ आणि खोली पोलिसांपासून लपवा, गावापासून नाही.

अतिरेक्याचं काम करणाऱ्याला साधा पॅन्ट-शर्ट द्या. कुठल्याही समाजाचा वेष नाही, कुठल्याही घोषणा नाहीत. २०२३ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं सरावात अतिरेकी एका विशिष्ट समाजाचे दाखवण्याला अंतरिम मनाई केली होती. कोर्टाचं सोडा, ज्या गावात उद्या तुला खबर हवी आहे त्याच गावासमोर तिथल्या शेजाऱ्याला अतिरेकी दाखवून तुझं काम कसं होणार? मला हे फार मनाला लागतं. माझ्या पथकात सगळ्या समाजांची पोरं होती आणि आत जाताना ती एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून जायची.

हत्यारांचं तर जिवापाड सांगतो. सरावाच्या जागेत जिवंत काडतूस नको, कुणाच्याच खिशात नको, साहेबांच्या अंगरक्षकाच्याही नको. फाटकावर एक माणूस हत्यार उघडून बघणार, दुसरा परत बघणार, मगच आत. त्यासाठी एक अधिकारी वेगळा नेमा, त्याला सरावात दुसरं कुठलंच काम नको. त्याच्याकडं शिट्टी. शिट्टी वाजली की जो जिथं आहे तिथं थांबला पाहिजे, मग कितीही मोठा साहेब पुढं जा म्हणत असला तरी.

---

घाटातला_अंमलदार

अर्ज असा लिहिलाय, चुकलं असेल तर सांगा:

"मा. साहेब, संयुक्त सरावात ठाण्याच्या ११२ गाडीला पहिलं पोचणारं पथक म्हणून भूमिका द्यावी. क्यूआरटी येईपर्यंतचा वेळ सरावात खरा धरावा, टीम जागेवर आधीच उभी नसावी. ताबा देण्याचा सराव प्रत्येक अंमलदाराकडून करून घ्यावा. बाजूंचे नंबर, दंडाची पट्टी आणि प्रमुखाची घोषणा सर्व पथकांसाठी एकच असावी. १०८ च्या डॉक्टरांना पोलीस संरक्षणात आत नेण्याचा भाग घ्यावा. गाड्यांसाठी टूर्निकेट आणि त्याचं प्रशिक्षण मिळावं. शेजारच्या जिल्ह्याच्या लगतच्या ठाण्याला निमंत्रण द्यावं."

---

उस्ताद_कराडकर

चांगला झालाय. टीम जागेवर आधीच उभी नसावी हे वाक्य तर पहिल्या ओळीत घे. साताऱ्यातनं निघू दे त्यांना, आणि तेवढा वेळ तुम्ही तिथं एकटेच थांबा.

एक भर घाल. सराव संपला की त्याच जागेवर, जेवणाआधी, सगळ्यांची बैठक. त्यात सगळ्यात कनिष्ठानं आधी बोलायचं आणि मोठ्या साहेबांनी शेवटी. साहेब आधी बोलले की खालचा माणूस "होय साहेब" म्हणतो आणि त्यानं जे बघितलं ते त्याच्याजवळच राहतं. होमगार्ड असतील तर सुरुवात त्यांच्यापासून करा. आणि बॉनेटवरच्या खडूच्या चित्राचा फोटो, गाडी धुवायच्या आधी काढून ठेवा. खऱ्या नकाशाशी तो ताडून बघितला की पुढच्या सरावाला काय घ्यायचं ते तिथंच कळतं.